तक्रार कोणत्या भाषेत ऐकायची?

पुण्यात जून ते ऑगस्टमध्ये चालणाऱ्या आठ आठवड्यांच्या मराठी अभ्यासक्रमात शिक्षक आणि परदेशी विद्यार्थी यांच्यातली पहिली ठिणगी बहुतेक तिसऱ्या आठवड्यात पडते. पहिला आठवडा नवलाईत जातो. दुसऱ्यात कुणाचं पोट बिघडतं, पाऊस लागलेला असतो, कपडे वाळत नाहीत. तिसऱ्यात पहिली चाचणी होते आणि आपल्या विद्यापीठात कायम वरच्या नंबरात असणारा मुलगा ‘मी काल मंडईत गेला’ इथेच अडकलेला असतो. रोज चार तास वर्ग, त्यावर दोन-तीन तास गृहपाठ, संध्याकाळी यजमानांच्या घरी पुन्हा मराठी. थकवा साठत जातो आणि दिवसभर जो माणूस ‘असं नाही, असं’ म्हणत असतो त्याच्यावर निघतो. तो माणूस म्हणजे शिक्षक.

असे वर्ग चालवताना समन्वयक म्हणून आम्ही जी पद्धत बसवत गेलो ती इथे लिहितो आहोत. बाकीचं सगळं एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून ती आधी सांगतो. विद्यार्थ्याची तक्रार इंग्रजीत येते आणि शिक्षकाचं म्हणणं मराठीत. निम्मा निकाल तिथेच लागून जातो.

तक्रार येते ती ईमेलने, रात्री अकराच्या सुमारास. पाच-सहाशे शब्द, मुद्देसूद परिच्छेद, तारखा, वर्गात कोण काय म्हणालं त्याचे अवतरणचिन्हांत शब्द. प्रत मायदेशातल्या मार्गदर्शकाला आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या कार्यालयाला. दुसऱ्या दिवशी शिक्षिकांना दोन तासिकांच्या मधल्या सुट्टीत दारातच विचारलं जातं, आणि त्या म्हणतात, “तसं काही नव्हतं हो, मी आपलं सहज म्हटलं.” एका बाजूला सहाशे शब्द, दुसऱ्या बाजूला आठ. ज्या बाईंना मराठीत तासभर नेमकं बोलता येतं त्यांचं म्हणणं फाइलमध्ये एका ओळीचं होऊन बसतं, आणि पुढच्या वर्षी ती फाइल उघडणाऱ्याला फक्त इंग्रजी पान दिसतं.

म्हणून नियम असा ठेवला की शिक्षकांचं म्हणणं मराठीतच, सविस्तर, लेखी घ्यायचं. लिहायला वेळ नसेल तर त्यांनी बोलायचं आणि आम्ही शब्दशः उतरवायचं. मग त्याचा इंग्रजी अनुवाद करायचा, तो शिक्षकांना वाचून दाखवायचा, त्यांनी होकार दिल्यावर ज्यांना ज्यांना विद्यार्थ्याचा ईमेल गेला त्या सगळ्यांना तो पाठवायचा. यात तीन-चार तास जातात. ते वाचवण्याचा मोह होतो, आणि ज्या प्रकरणांत तो मोह आवरला नाही ती प्रकरणं चिघळली.

यामागे सत्तेचा प्रश्न आहे, तोही उघड बोलायला हवा. विद्यार्थ्याला वाटतं की सत्ता शिक्षकाच्या हातात, कारण ग्रेड तो देतो. शिक्षकाला वाटतं सत्ता विद्यार्थ्याच्या हातात, कारण शेवटच्या आठवड्यात विद्यार्थी जो फीडबॅक भरतात त्यावर पुढच्या वर्षीचं कंत्राट ठरतं. दोघांचंही खरं आहे. परदेशी शिकणारा पैसे देणार आणि इथला पंडित पगारावर शिकवणार, ही मांडणी फार जुनी आहे. मिशनरी विल्यम कॅरीचं मराठी व्याकरण १८०५ मध्ये बंगालमधल्या श्रीरामपूरला छापलं गेलं, त्यामागे पंडित वैजनाथ शर्मा होते. मोल्सवर्थच्या १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशामागे पंडितांची अख्खी तुकडी राबली. मुखपृष्ठावर कुणाचं नाव आलं ते आपल्याला ठाऊक आहे. आजच्या वर्गातल्या शिक्षिकेला हा इतिहास पाठ नसेल, पण ‘आपलं ऐकून कोण घेणार’ ही तिची धास्ती त्याच वाटेने आलेली आहे.

वर्ग सुरू होण्याआधी आम्ही दोन अर्धे दिवस शिक्षकांसोबत आणि एक अर्धा दिवस विद्यार्थ्यांसोबत बसतो. दोघांच्या हातात एकच पान देतो, एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी. त्यावर चुका कशा सुधारायच्या, एकमेकांना काय म्हणायचं, गैरहजेरी कशी कळवायची, तक्रार कुणाकडे आणि किती दिवसांत न्यायची एवढंच असतं. पान एकच हवं. पूर्वी बारा पानी नियमावली होती, ती कुणी वाचत नसे.

अपेक्षेचा हिशेबही त्याच दिवशी फळ्यावर मांडतो. आठ आठवडे, पाच दिवस, चार तास, म्हणजे १६० तास. अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची प्रशिक्षणसंस्था इंग्रजीभाषक अधिकाऱ्याला कामापुरती हिंदी यावी म्हणून ४४ आठवडे, सुमारे ११०० तास धरते, आणि शिकायला मराठी काही हिंदीहून सोपी नाही. हा आकडा आधी सांगितला नाही तर आठव्या आठवड्यात रडारड होते. तोंडी परीक्षेच्या अमेरिकन पद्धतीत नॉव्हिस, इंटरमीजिएट, ॲडव्हान्स्ड, सुपीरियर अशा पायऱ्या असतात आणि पहिल्या तिन्हींचे आणखी तीन-तीन भाग. वरची प्रत्येक पायरी खालचीपेक्षा उंच असते, त्यामुळे इंटरमीजिएटच्या मधल्या भागात आलेला विद्यार्थी भरपूर शिकूनही त्याच भागात राहू शकतो. त्याला ते अपयश वाटतं आणि दोष शिक्षकावर जातो. शेवटची तोंडी परीक्षा वर्गशिक्षकाने एकट्याने घेऊच नये. दोन परीक्षक असावेत, त्यातला एक बाहेरचा, आणि संवाद रेकॉर्ड व्हावा. ग्रेडवरून होणारे वाद एवढ्यानेच बरेच कमी होतात.

आता खुद्द वर्गाकडे. सगळ्यात जास्त तक्रारी चुका सुधारण्यावरून येतात, म्हणून हे जरा जवळून पाहू.

विद्यार्थी सांगतोय: “काल मी… दोन पोळी…” शिक्षिका: “पोळ्या.” “…दोन पोल्या…” “ळ. पोळ्या.” “…पोळ्या खाल्ला.” “खाल्ल्या.” वाक्य संपायच्या आत तीनदा अडवणूक. शिक्षिकेच्या मनात पूर्ण सद्भाव आहे, चूक घट्ट बसायच्या आत उपटायची असं त्या शिकल्या आहेत. विद्यार्थ्याला मात्र सांगायचं होतं की काल यजमानांच्या आजींनी आग्रह करकरून जेवायला वाढलं. ती गोष्ट कुणी ऐकलीच नाही. ईमेलमध्ये हे ‘अपमान’ म्हणून येतं आणि शिक्षिका चकित होतात, कारण त्यांनी आवाजसुद्धा चढवलेला नसतो.

आम्ही बसवलेली तोड अशी. तासाचे दोन भाग करायचे. सरावाच्या भागात प्रत्येक चूक जागच्या जागी सुधारायची, तिथे कुणी कुरकुरायचं नाही. गप्पांच्या भागात शिक्षकांनी अडवायचं नाही, हातातल्या चिठ्ठीवर टिपत जायचं आणि शेवटी तीनच चुका सांगायच्या. तीनच, कारण चौथीपासून पुढचं कुणाच्या लक्षात राहत नाही. कोणत्या तीन निवडायच्या, हेही ठरलेलं: आधी अर्थ बदलणारी, मग वारंवार होणारी, मग कानाला खटकणारी. ‘दोन पोळी’ तिसऱ्या गटात, ‘खाल्ला-खाल्ल्या’ दुसऱ्या. कर्त्याऐवजी कर्माप्रमाणे क्रियापद फिरतं हे इंग्रजीभाषकाला सहा आठवड्यांतही अंगवळणी पडत नाही, हे शिक्षकांना आधीच सांगून ठेवलं की त्यांचा धीर सुटत नाही. चिठ्ठ्या विद्यार्थ्याच्या वहीत डकवायच्या. महिन्याने त्या चाळल्या की कोणत्या चुका गळाल्या हे त्याचं त्यालाच दिसतं.

दुसरा प्रकार संबोधनाचा. यजमानांच्या नातवाबरोबर खेळून मराठी शिकलेली विद्यार्थिनी साठीच्या शिक्षिकेला विचारते, “तू कुठे राहतेस?” शिक्षिकेला माहीत असतं की ही चूक आहे, तरी आत कुठेतरी टोचतं. उलट बाजूने, पस्तिशीच्या पीएचडी करणाऱ्या विद्यार्थ्याला शिक्षक मायेनं “अरे, तू बस की” म्हणतात. त्याने पुस्तकात वाचलेलं असतं की ‘तू’ लहानांना आणि कनिष्ठांना, त्यामुळे त्याला ते हिणवणं वाटतं. मार्ग सोपा आहे: पहिले दोन आठवडे वर्गात सगळ्यांनी सगळ्यांना ‘तुम्ही’. नंतर ज्याला ‘तू’वर यायचं असेल त्याने विचारून यायचं. “मी तुम्हाला ‘तू’ म्हटलं तर चालेल का?” हे वाक्यच धडा म्हणून शिकवतो.

‘पाहिजे’चंही तसंच. “मला उद्या सुट्टी पाहिजे” हे व्याकरणात चोख, पण शिक्षकांच्या कानाला हुकूम. विद्यार्थ्याच्या डोक्यात इंग्रजीतलं नम्र वाक्य असतं, तोंडातून पहिल्या आठवड्यात शिकलेला एकमेव शब्द बाहेर पडतो. “मिळेल का?”, “जमेल का?”, “देता का जरा?” ही तीन वाक्यं दुसऱ्याच दिवशी शिकवून टाकावीत. त्यांना व्याकरणाच्या क्रमाने येऊ दिलं तर ती पाचव्या आठवड्यात येतात, तोवर नको तेवढं वाईट वाटून झालेलं असतं.

शिक्षकांच्या बाजूचे असे शब्द म्हणजे ‘बघू’ आणि ‘परवा’. ‘बघू’ म्हणजे बहुधा ‘नाही’, पण समोरच्याला न दुखावता. विद्यार्थी तो होकार समजून तिकीट काढून मोकळा होतो. आम्ही शिक्षकांना विनंती करतो की सुट्टी, ग्रेड आणि परीक्षा या तीन विषयांत ‘बघू’ म्हणायचंच नाही. हो किंवा नाही, आणि नाही असेल तर कारण. ‘परवा’ तर दोन्ही दिशांना चालतो, येणारा आणि गेलेला. वाक्यात क्रियापद असेल तर कळतं. “परवा चाचणी” एवढंच व्हॉट्सॲपवर आलं की घोळ. सूचनेत वार आणि तारीख लिहायचीच.

व्याकरणाच्या ‘का?’वरूनही खटके उडतात. ‘मला भूक लागली’मध्ये ‘मी’ का नाही? मातृभाषा म्हणून बोलणाऱ्याचं प्रामाणिक उत्तर ‘असंच म्हणतात’ हे असतं. भाषाशास्त्र शिकून आलेल्या विद्यार्थ्याला ते अज्ञान वाटतं आणि तो पुन्हा पुन्हा विचारतो. शिक्षकाला ती उलटतपासणी वाटते. वर्गात एक प्रश्नवही ठेवली. प्रश्न तिथे लिहायचा, उत्तर दुसऱ्या दिवशी. फलटणच्या मॅक्सीन बर्नसन आणि जाई निंबकर यांच्या पाठ्यपुस्तकावर काम केलेल्या शिक्षकांना ही अडचण कमी येते, कारण बाहेरून येणाऱ्याला मराठी कुठे अडेल याचा विचार त्यांनी एकदा केलेला असतो. नव्या शिक्षकांना आम्ही आधी आठवडाभर जुन्यांच्या वर्गात मागे बसवतो.

सगळ्यात खोल जखम मात्र ‘शुद्ध-अशुद्ध’वरून होते. आंबेडकरी चळवळीवर काम करणारी विद्यार्थिनी मराठवाड्यात महिनाभर राहून येते. तिथल्या बायांकडून उचललेलं ‘पानी’, ‘लोनी’ वर्गात बोलते. शिक्षिका म्हणतात, “हे अशुद्ध आहे, असं बोलायचं नाही.” त्यांच्या लेखी ही उच्चाराची दुरुस्ती, ‘ल’ आणि ‘ळ’सारखीच. विद्यार्थिनीच्या लेखी हा त्या बायांचा अपमान, जातीय अपमान, आणि ती वर्गात तसं म्हणते. आयुष्यभर सचोटीने शिकवलेल्या माणसाला भर वर्गात ‘जातीयवादी’ हा शब्द ऐकावा लागला की ते रात्रभर झोपत नाहीत. आणि विद्यार्थिनीलाही झोप नसते, कारण जिच्या ओट्यावर बसून ती हे शब्द शिकली त्या बाईचा चेहरा तिच्या डोळ्यांसमोर असतो.

इथे दोघांना समजावून परत पाठवणं पुरत नाही, कारण विद्यार्थिनीचा मुद्दा बरोबर आहे. ‘शुद्ध’ हा शब्द निर्दोष नाही. कुणाचं पाणी शुद्ध आणि कुणाचं अशुद्ध हे ठरवणाऱ्या समाजातच तो भाषेला लावला गेला. महाड याच राज्यात आहे. म्हणून वर्गातून तो शब्द आम्ही काढूनच टाकला. ‘प्रमाण’ आणि ‘बोली’ म्हणायचं, आणि ‘हे कुठे चालतं?’ असं विचारायचं. ‘पाणी’ परीक्षेत आणि लेखनात, ‘पानी’ त्या गावात, आणि कुठे काय बोलायचं याचं भान म्हणजेच भाषा येणं. त्याच वेळी विद्यार्थिनीलाही आम्ही सांगितलं की माणसावर शिक्का मारणं वेगळं आणि शब्दाला हरकत घेणं वेगळं; “हा शब्द मला खटकला, कारण…” हे मराठीत कसं म्हणायचं ते शिकायला हवं. पुढे त्या विषयावर एक तास ठेवला, त्यात शिक्षिकेने स्वतःच्या माहेरची बोली बोलून दाखवली. तीही पुस्तकी नव्हतीच.

न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियात वाढलेली मराठी घरातली मुलं हा आणखी एक नाजूक गट. तिकडच्या मराठी मंडळांच्या रविवारच्या शाळेत थोडंफार शिकलेली, कान तयार, वाचन शून्य. “आई-बाबा मराठी आणि तुला एवढंही येत नाही?” हे वाक्य त्यांना ऐकवायचं नाही, विनोदानेसुद्धा नाही. गोऱ्या विद्यार्थ्याचं एक वाक्य ऐकून कौतुक आणि यांच्या दहा वाक्यांतली एक चूक, असा दुजाभाव शिक्षकांच्या नकळत होतो. मागे बसून अर्धा तास नोंद ठेवली की तो शिक्षकांनाही दिसतो.

वजन, लग्न, पगार यांवरच्या चौकशा, पालखीच्या दिवसांतली गैरहजेरी, अमेरिकन विद्यापीठाचं ‘परीक्षेत जादा वेळ द्यावा’ असं पत्र घेऊन येणारे विद्यार्थी, हे सगळं पहिल्या दिवशीच्या पानात बसतं. त्या पत्राबद्दल एवढंच, की ती सवलत म्हणजे मेहेरबानी नाही आणि त्यामागचं कारण विचारायचं नसतं.

एवढं करूनही तक्रार येतेच. आली की त्याच दिवशी दोन ओळींची पोच द्यायची: मिळाली, वाचली, अमुक वाजता भेटू. मजकुराला उत्तर द्यायचं नाही. मग तक्रार कोणत्या ढिगातली ते पाहायचं. भाषेतून झालेला गैरसमज, शिकवण्याच्या पद्धतीबद्दलचं गाऱ्हाणं, की वागणुकीचा गंभीर प्रश्न? पहिल्या दोन्हींसाठी पुढची वाट. तिसऱ्याबद्दल नंतर लिहितो.

दोघांना वेगवेगळं भेटायचं, प्रत्येकी चाळीस मिनिटं, एकाच दिवशी. एकाला आज आणि दुसऱ्याला तीन दिवसांनी भेटलात तर मधल्या काळात एकच गोष्ट गावभर होते. शिक्षकांना खुर्चीवर बसवून, दार लावून, मराठीत. विद्यार्थ्याला त्याच्या भाषेत. जपानी किंवा जर्मन विद्यार्थी असेल तर इंग्रजी त्याचीही परकी भाषा आहे, हे विसरू नये. त्याला आधी लिहून आणायला सांगावं. दोघांना पहिला प्रश्न एकच: “काय झालं ते क्रमाने सांगा.” काय वाटलं ते नंतर. शेवटचा प्रश्नही एकच: “उद्यापासून वर्गात नेमकं काय बदललं तर तुमचं समाधान होईल?” पुष्कळदा इथेच कळतं की विद्यार्थ्याला शिक्षक बदलून नको आहेत, त्याला फक्त वाक्य पूर्ण करू द्यायला हवं आहे.

मग एकत्र बैठक, पंचेचाळीस मिनिटांची, शक्यतो दोन दिवसांच्या आत, वर्गाच्या खोलीत नको. फळ्यापुढे शिक्षक शिक्षकच राहतात आणि विद्यार्थी बाकावरचा विद्यार्थी. टेबलाच्या कोपऱ्याला दोघं, समन्वयक मधे. प्रत्येकाने आपल्या भाषेत बोलायचं, समन्वयकाने ते दुसऱ्या भाषेत सांगायचं आणि बोलणाऱ्यालाच विचारायचं, “मी बरोबर सांगितलं ना?” सगळ्यांना इंग्रजी कळतं म्हणून इंग्रजीत उरकू नका. शिक्षिका इंग्रजीत बोलू लागल्या की त्यांची वाक्यं आखूड होतात आणि कठोर ऐकू येतात. “आय डिड नॉट इन्सल्ट हर” यातला कोरडेपणा त्यांच्या मनात नसतो. मराठीत त्या म्हणाल्या असत्या, “अगं, माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं तसं.”

अनुवादात सर्वनामांकडे लक्ष हवं. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ वेगळे, इंग्रजीत दोन्हींचा एकच शब्द. शिक्षक ‘आम्ही असंच शिकवतो’ म्हणाले तर त्यात विद्यार्थी बाहेर आहे. ‘आपण असं करून बघू’ म्हणाले तर तो आत आला. ‘आम्ही’वरून ‘आपण’वर गाडी आली की बैठक मार्गी लागली असं आम्ही समजतो, आणि विद्यार्थ्यालाही तो फरक तिथेच उलगडून सांगतो. आठ आठवड्यांच्या व्याकरणात तो त्याला इतका स्पष्ट दुसरीकडे कुठे कळत नाही.

माफी हा मोठा अडसर. विद्यार्थ्याला अपेक्षा असते ती नाव घेऊन, कृत्य सांगून मागितलेल्या माफीची. शिक्षिका तसं तोंडाने म्हणत नाहीत. दुसऱ्या दिवशी डब्यातून साटोऱ्या आणतात, तास संपल्यावर अर्धा तास जास्त बसतात, रविवारी घरी जेवायला बोलावतात. त्यांच्या लेखी माफी मागून झाली. विद्यार्थ्याच्या लेखी विषय टाळला गेला. समन्वयकाने दोन्ही बाजूंना हे सांगायचं. आम्ही माफीची सक्ती करत नाही. बैठकीच्या शेवटी दोनच वाक्यं दोन्ही भाषांत लिहितो: शिक्षक काय करतील, विद्यार्थी काय करेल. उदाहरणार्थ, ‘गप्पांच्या तासात बाई मधे अडवणार नाहीत. काही खटकलं तर विद्यार्थिनी त्याच दिवशी वर्गानंतर बाईंना सांगेल.’ दोघांच्या सह्या. तीन दिवसांनी दोघांना पाच मिनिटं विचारायचं आणि दहाव्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवसाची विचारपूस चुकली की दहाव्या दिवशी नवा ईमेल येतो.

कुठे फसतं? शिक्षकांना तक्रार तिसऱ्याकडून, म्हणजे यजमानांकडून किंवा शिपायाकडून, कळली की पुढचं सगळं कठीण होतं. विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सॲप गटात समन्वयकाने स्वतःची बाजू मांडायला गेलं की आणखी कठीण. पाच जणांच्या सहीचं निवेदन आलं तर पाचांना एकत्र भेटू नये. एकेकाला भेटलं की पाच वेगळ्या गोष्टी निघतात आणि त्यातल्या दोघांनी मैत्रीखातर सही केलेली असते. शिक्षक बदलणं हा सगळ्यात घाईचा उपाय. नवा शिक्षक मधेच आला की सगळ्यांचा आठवडा जातो आणि जुन्या शिक्षकावर कायमचा डाग लागतो. उलट, ‘वयाने मोठ्या आहेत, सोडून दे’ असं विद्यार्थ्याला सांगणं हाही अन्यायच. वय हे उत्तर नाही.

आता तिसरा ढीग. लैंगिक छळाची तक्रार असेल तर वर लिहिलेली पद्धत वापरायची नाही. दोघांना एका खोलीत बसवायचं नाही, समजूत घालायची नाही. २०१३ च्या कायद्याप्रमाणे दहा किंवा अधिक माणसं काम करतात तिथे अंतर्गत समिती असावीच लागते. तिची अध्यक्ष महिला, किमान निम्मे सदस्य महिला आणि एक सदस्य बाहेरचा. दहापेक्षा कमी असतील तर जिल्ह्याची स्थानिक समिती. तक्रार तीन महिन्यांत द्यायची, सबळ कारण असेल तर समिती मुदत वाढवू शकते. समेट फक्त तक्रारदार स्त्रीने स्वतः मागितला तरच, आणि पैशाच्या मोबदल्यात कधीच नाही. चौकशीला नव्वद दिवसांची मुदत आहे आणि अभ्यासक्रम छप्पन्न दिवसांचा, म्हणून तक्रारदार मायदेशी जाण्याआधी तिचा जबाब पूर्ण नोंदवून घ्यायची तजवीज पहिल्याच दिवशी करावी. समितीच्या सदस्यांची नावं आणि फोन त्या एका पानावर आधीपासूनच छापलेले असले पाहिजेत.

शेवटच्या आठवड्यात विद्यार्थी फीडबॅकचे फॉर्म भरतात. त्याच दिवशी शिक्षकही भरतात: वर्गाने काय साथ दिली, कुठे अडवलं, पुढच्या वेळी कार्यालयाने काय करावं. तो फॉर्म मराठीत असतो, त्याचा अनुवाद होतो, आणि दोन्ही एकाच फाइलमध्ये, एकाच क्लिपला लागतात.